"जरा थांबा"

ग्लास हातात आला आणि वाटलं, काहीतरी चुकलंय. रंग लाल नव्हताच. विटेसारखा, कडेला नारिंगी. वास सुकलेल्या गुलाबाचा, आणि त्यामागे चक्क डांबराचा.

१९९६ ची बारोलो, एक रेड वाइन. इटलीतल्या पिएमोंतेचं गाजलेलं वर्ष. पहिल्याच घोटाला जीभ आवळली, कच्ची सुपारी चावल्यासारखी. मी ग्लास खाली ठेवला.

ओतणारे आजोबा म्हणाले, "ती इतकी वर्षं थांबली, तुम्ही जरा थांबा."

थांबले. बाहेर द्राक्षमळ्यांवर धुकं उतरत होतं. (बारोलो ज्या द्राक्षाची होते, त्या नेबिओलोचं नाव 'नेब्बिया', म्हणजे धुक्यावरून आलं असं मानतात.) अर्ध्या तासाने तोच ग्लास उचलला. तुरटपणा होता, पण निवलेला. मागून सुकलेल्या चेरीची चव आली आणि जाईचना. डोळे भरून आले माझे.

आजच्या नियमाने बारोलो ३८ महिने मुरवावी लागते, त्यातले १८ लाकडी पिंपात. पुढची वर्षं मात्र कुणी सक्तीने ठेवत नाही.

निघताना आजोबा हळूच म्हणाले, "ही द्राक्षं माझ्या वडिलांनी खुडली होती. बाटली उघडायला ते राहिले नाहीत."

रात्रभर तेच डोक्यात आहे. खुडताना त्यांना ठाऊक असेल का?