शिळं पाणी

परवा दुपारी सोसायटीचं मेंटेनन्सचं बिल आलं. एरवी मी शेवटचा आकडा बघतो आणि घडी घालून ठेवतो. त्या दिवशी चष्मा नाकावर होता, म्हणून वाचलं. पाणीपट्टी. तिच्याखाली टँकर. मालमत्ता कराच्या बिलात मलनिःसारणाचं निराळंच. म्हणजे पाणी येताना पैसे आणि जातानाही पैसे. पाहुणा आला की चहा करायचा, निघाला की हातावर पाकीट ठेवायचं, तसं.

नेरूळच्या ताईला फोनवर हे सांगितलं, तर ती म्हणाली, "आमच्याकडे नाही बाई असलं काही, आमचं स्वतःचं धरण आहे." मोरबे धरण हिच्या परसातच असल्यासारखं बोलते. नवी मुंबईकरांचा हा तोरा आम्हा ठाणेकरांना ऐकून घ्यावा लागतो. आमचं थोडं पालिकेच्या योजनेचं, थोडं स्टेम या पाणीपुरवठा कंपनीचं, थोडं एमआयडीसीचं, थोडं मुंबईकडून. शिवाय शटडाऊन.

नौपाड्यातल्या आमच्या वाडीत विहीर होती. रहाट असा करकरायचा, की पहाटे कोण उठलंय ते गादीत पडल्यापडल्या कळायचं. प्रत्येकाची ओढ वेगळी. आजीची सावकाश, मध्ये एक थांबा. कंबरेवर हात ठेवून ती दम खायची, तो थांबा. आंघोळीला दोन कळश्या. तिसरी हवी असेल तर "तूच ओढ."

रोज सकाळी ती हंड्यातलं कालचं पाणी तुळशीला घालायची. म्हणे, शिळं झालं. मी एकदा विचारलं, "मग विहिरीतलं शिळं नाही का होत?"

"गाढवा, ते जिवंत पाणी. खाली झरा आहे."

घरात नळ आला, तरी कित्येक महिने तिने ते पाणी फक्त भांड्यांना वापरलं. आता सगळं उलटं झालंय. वाडीच्या जागी टॉवर, विहीर पार्किंगमध्ये लोखंडी जाळीखाली, आणि पंपाने तिचं पाणी चढतं ते थेट फ्लशला. एकदा बटण दाबलं की आजीची एक कळशी भसकन जाते. मध्ये थांबा नाही.

मी मात्र अजून रोज सकाळी पिंपातलं शिळं पाणी काढून ताजं भरतो. बायको म्हणते, "पिसेच्या बंधाऱ्यावरून टेमघरचं शुद्धीकरण केंद्र, तिथून टाकी, मग आपली खालची टाकी, मग गच्चीवरची. वाटेतच शिळं झालेलं असतं ते!" खरं आहे. तरी मी ते मोगऱ्याला घालतो. बिलात त्याचेही पैसे असणारच.

आजीची एक कळशी त्या विहिरीत पडली होती, आजोबांचं नाव कोरलेली. दोर तुटला. गळ टाकून दोन दिवस शोधली. दुसऱ्या कुणाचा तरी तांब्या आला, एक बालदी आली, कळशी काही आली नाही. परवा बिल भरायला खाली उतरलो, तेव्हा जाळीपाशी जरा वाकून बघितलं. पंप चालू होता. वॉचमन म्हणाला, "साहेब, काही पडलं का?"

म्हटलं, "हो. बरीच वर्षं झाली."