बाण एकीकडे, इलेक्ट्रॉन दुसरीकडे

डायोड (करंट एकाच दिशेने जाऊ देणारा भाग) याच्या चिन्हातला बाण करंटची प्लसकडून मायनसकडे अशी दिशा दाखवतो; त्याच्या बरोबर उलट दिशेने इलेक्ट्रॉन जातात. म्हणून बाण चुकीचा ठरत नाही. बेंजामिन फ्रँकलिनने १७४७ च्या सुमारास विजेला धन आणि ऋण अशी नावं दिली; इलेक्ट्रॉन सापडला १८९७ मध्ये. मधल्या दीडशे वर्षांत करंट प्लसकडून मायनसकडे धरून सूत्रं ठरून गेली होती. त्यात बदलाची गरजही नव्हती, कारण ऋण चार्ज डावीकडे गेला काय आणि तेवढाच धन चार्ज उजवीकडे गेला काय, हिशेब एकच येतो.

आणि 'खरा करंट मायनसकडून प्लसकडे' हेही अर्धंच खरं. तारेत ते बरोबर आहे, पण गाडीच्या बॅटरीतल्या ॲसिडमध्ये धन आणि ऋण दोन्ही आयन (चार्ज असलेले कण) एकाच वेळी विरुद्ध दिशांना सरकतात. तिथे कुठली दिशा खरी म्हणणार?

घोटाळा होतो तो बाणाची आणि इलेक्ट्रॉनची, अशा दोन्ही पद्धती एकाच सर्किटमध्ये मिसळल्यावर. ९ व्होल्टची बॅटरी, ४७० ओहमचा रेझिस्टर आणि लाल एलईडी घ्या. एलईडीवर साधारण २ व्होल्ट पडतात, उरलेले ७ भागिले ४७०, म्हणजे सुमारे १५ मिलिअँपिअर. एलईडीचा लांब पाय प्लसच्या बाजूला. रेझिस्टर एलईडीच्या आधी लावा की नंतर, फरक शून्य. 'इलेक्ट्रॉन मायनसकडून येतात, म्हणून रेझिस्टर तिकडेच हवा' हा तर्क फुकट आहे, कारण एका माळेत करंट सगळीकडे सारखाच असतो. एलईडी उलटा लागला तर मात्र रेझिस्टर वाचवत नाही. करंटच नसल्याने रेझिस्टरवर काही पडत नाही आणि जवळजवळ पूर्ण ९ व्होल्ट एलईडीवर उलटे बसतात. बऱ्याच एलईडींची उलटी मर्यादा ५ व्होल्टच असते.

इलेक्ट्रॉनच्या दिशेने विचार करायचा तो व्हॉल्व्हमध्ये, म्हणजे जुन्या रेडिओतल्या काचेच्या नळीत. तिथे तापलेल्या कॅथोडमधून (मायनसच्या टोकातून) इलेक्ट्रॉन सुटून प्लेटकडे जातात, त्याशिवाय काही कळतच नाही. बाकी दुरुस्तीच्या टेबलावर बाणच धरा.

मीटरचं तेवढं सांभाळा. डिजिटल मीटरच्या डायोड रेंजवर लाल प्रोब प्लस असतो: तो ॲनोडला (डायोडच्या प्लसच्या टोकाला) आणि काळा प्रोब डायोडवरच्या पट्ट्याच्या टोकाला लावला, की '१एन४००७' हा डायोड सुमारे ०.६ व्होल्ट दाखवतो. जुन्या काट्याच्या बहुतेक मीटरमध्ये ओहम रेंजवर आतली बॅटरी उलटी येते, काळा प्रोब प्लस होतो, आणि चांगला डायोड उलटा लावल्यासारखा वाटतो.