एल रोसारिओचे मोनार्क

फुलपाखरांचे फोटो काढणाऱ्यांना एक सवय जडलेली असते. एकच फुलपाखरू हेरायचं, गुडघ्यांवर सरकत जवळ जायचं आणि ते उडायच्या आत डोळ्यावर फोकस साधायचा. येऊरला काय, ताम्हिणीत काय, आमची रीत हीच. मेक्सिकोच्या मिचोआकान राज्यातल्या एल रोसारिओला, मोनार्क फुलपाखरांच्या हिवाळी मुक्कामी, ती फारशी चालत नाही. तिथे फुलपाखरू शोधावं लागत नाही. त्या गर्दीत फोटो शोधावा लागतो.

मेक्सिको सिटीहून बसने सिताक्वारो, तिथून पुढे ओकाम्पो आणि मग डोंगर. अभयारण्य तीन हजार मीटरच्या आसपास आहे. अर्धी चढण घोड्यावरून करता येते. मी हट्टाने चालत गेलो आणि दर वीस पावलांवर ‘फोटो काढायला’ थांबत राहिलो. जमीन गावाच्या सामाईक मालकीची, त्यामुळे गावातलाच वाटाड्या सोबत घ्यावा लागतो. आमच्यासोबत साठीच्या एक बाई होत्या. माझं स्पॅनिश पाणी आणि जेवण मागण्यापुरतं, पण त्यांचं बोट कुठे वळतंय ते कळायला भाषा लागत नव्हती.

सकाळी गारठा होता. ओयामेल नावाच्या उंच फरवृक्षांच्या फांद्या ओझ्याने खाली झुकलेल्या, आणि त्यांच्यावर वाळक्या पानांसारखे मळकट तपकिरी घोस. तीच फुलपाखरं! पंख मिटलेले असले की मोनार्कची फिकी खालची बाजूच दिसते, भगवा रंग आत दडलेला. सोबतच्या पर्यटकांचा चेहरा पडला. मला मात्र हाच वेळ सर्वांत आवडला, कारण लेन्समधून पाहिलं की एकेक पंख सुटा दिसायला लागतो: काळ्या शिरा, कडेचे पांढरे ठिपके, आणि शेजारणीच्या पंखाला टेकलेले पाय. काही जण जागच्या जागी थरथरत होते. थंडीत स्नायू उडण्याइतके तापत नाहीत, म्हणून ते पंख थरथरवून स्वतःला गरम करतात.

अकराच्या सुमारास ढग सरले आणि ऊन एका फांदीवर पडलं. आधी तेवढीच फांदी भगवी झाली, मग तिथून हजारोंनी उसळले. पंखांचा आवाज चक्क ऐकू येतो. फ्लॅशला बंदी, दोराच्या पलीकडे पाऊल टाकायचं नाही आणि मोठ्याने बोलायचंही नाही. मागे काळोखं जंगल, वर झगझगीत आभाळ. कॅमेऱ्याचं उजेडाचं मोजमाप पार गोंधळून जातं. मी शटर १/२००० सेकंदावर ठेवलं, आभाळ चौकटीबाहेर काढलं आणि उन्हाच्या एका तिरिपेत येतील तेवढेच टिपले. आख्खं जंगल दाखवायला काढलेले सगळे फोटो सपाट आले. तसे फोटो इंटरनेटवर ढिगाने आहेत. ज्याला हवेत त्याने तिथेच बघावेत.

पायवाटेवर मेलेलीही पुष्कळ होती. काहींचं पोट कोरलेलं, पंख शाबूत. मिल्कवीड (रुईच्या नात्यातली, चीक असलेली झुडपं) खाऊन वाढलेल्या मोनार्कच्या अंगात विष असतं, तरी ब्लॅक-बॅक्ड ओरिओल आणि ब्लॅक-हेडेड ग्रोसबीक हे दोन पक्षी त्यांच्यावर ताव मारतात. आपल्या रुईवर वाढणाऱ्या प्लेन टायगरची युक्तीही हीच, आणि तो मोनार्कच्याच डॅनॉस वंशातला. बागेत लावतो ते हळदीकुंकूही एक मिल्कवीडच, मूळचं अमेरिका खंडातलं. मी मोबाइलवर घरच्या अंगणातल्या प्लेन टायगरचा फोटो दाखवला, तर बाईंनी तो मोठा करून पाहिला आणि हाताने ‘एवढासा?’ अशी खूण केली.

कॅनडा-अमेरिकेतून ही मंडळी नोव्हेंबरच्या सुरुवातीला, मृतांच्या सणाच्या दिवसांत इथे पोचतात. गावकरी त्यांना परतलेल्या पूर्वजांचे आत्मे मानत आले. येणाऱ्यांपैकी एकानेही ही जागा आधी पाहिलेली नसते, कारण मधे तीन-चार पिढ्या गेलेल्या असतात. टोरोंटोचे प्राणिशास्त्रज्ञ फ्रेड अर्कहार्ट आणि त्यांची पत्नी नोरा यांनी कित्येक वर्षं पंखांवर चिकटपट्ट्या लावून हा माग काढला. १९७५ च्या जानेवारीत त्यांचे मदतनीस केन ब्रुगर आणि कॅटालिना अग्वादो या डोंगरांत पोचले. पुढच्या वर्षी खुद्द अर्कहार्टना इथे मिनेसोटातल्या चास्का गावी चिकटपट्टी लावलेलं फुलपाखरू सापडलं. त्याला ‘शोध’ म्हणतात तेव्हा मला जरा खटकतं. गावाला ती कुठे येतात हे आधीपासून ठाऊकच होतं. शोध लागला तो ती कुठून येतात याचा.

त्यांची मोजदाद डोक्यांवर नाही, व्यापलेल्या जंगलावर होते. १९९६-९७ च्या हिवाळ्यात १८ हेक्टरांहून जास्त, २०१३-१४ ला जेमतेम ०.६७ हेक्टर. उत्तरेत तणनाशकांनी मिल्कवीड गेलं, इथे झाडं तुटली. जंगल विरळ झालं की पाऊस थेट अंगावर येतो आणि ओलं फुलपाखरू थंडीत गोठतं. २००२ च्या जानेवारीत अशाच एका वादळात कोट्यवधी मेली.

जायचं असेल तर जानेवारीअखेर ते फेब्रुवारी, आणि शनिवार-रविवार टाळून. लांब पल्ल्याची झूम लेन्स पुरे. अगदी जवळून टिपायची मॅक्रो लेन्स मी बॅगेतून काढलीच नाही. उतरताना दुपारी ओढ्याकाठी थांबा, पाणी प्यायला ती खाली येतात आणि हाताच्या अंतरावर बसतात. आणि फाटकाजवळच्या टपरीवर निळ्या मक्याची गरम केसादिया (सारण भरून दुमडलेली पोळी) खाल्ल्याशिवाय गाडीत बसू नका.