आमच्या सनचं सुतक

२८ जानेवारी २०१०, गुरुवार. तारीख पक्की लक्षात आहे, कारण आदल्या दिवशी तिकडे अमेरिकेत डेटाबेसवाल्या ओरॅकलनं सर्व्हर बनवणारी सन मायक्रोसिस्टिम्स ही कंपनी विकत घेतल्याचा व्यवहार पुरा झाला आणि इकडे सकाळी सातला मला फोन, भोसरीच्या एका कारखान्यात सर्व्हरची डिस्क गेलीय. सर्व्हर अर्थातच सनचा. मी तेव्हा सनच्या मशीनचा मेंटेनन्स बघणाऱ्या एका छोट्या फर्ममध्ये होतो.

बातमी तशी नवी नव्हती. एप्रिल २००९ मध्येच जाहीर झालेलं, ७.४ अब्ज डॉलर. त्याआधी आयबीएमशी बोलणी फिसकटली, मग युरोपियन युनियनवाले सनच्या मायएसक्यूएल या डेटाबेसवरून अडून बसले, म्हणजे नऊ महिने पेशंट आयसीयूत आणि आपण रोज विचारतोय आज कसंय, तसलं चाललेलं. तरी गेलं म्हटल्यावर कसंतरी झालंच. सनमध्ये जावा ही प्रोग्रॅमिंगची भाषा बनवणाऱ्या जेम्स गॉसलिंगनं सनच्या थडग्याचं चित्र टाकलं होतं, त्याची कुणीतरी प्रिंट काढून ऑफिसात लावली आणि वर झेंडूचा हार. आमच्या फर्मच्या सरांनी वडापाव मागवू दिला नाही, आज सुतक आहे म्हणाले. डिस्क घ्यायला गेलो तेव्हा हे सगळं बघून हसलो आणि बाइकला किक मारली, पण नाशिक फाट्यापर्यंत डोक्यात तेच.

कारखान्याच्या कॉम्प्युटर खात्याचे, म्हणजे ईडीपीचे, मॅनेजर कुलकर्णीसाहेब, रिटायरमेंटला दोन वर्षं राहिलेली. सर्व्हर रूमच्या दारातच भेटले आणि आवाज एकदम खाली आणून, "वाचलं पेपरात. वाईट झालं हो." असं म्हणाले की मला वाटलं आता पाठीवरून हात फिरवतात.

मशीन म्हणजे सनचं व्ही-४४० मॉडेल, त्यावर सोलारिस ९ ही सनचीच ऑपरेटिंग सिस्टिम, २००४ पासून पगार आणि स्टोअर्स त्याच्यावरच. अपटाइम, म्हणजे न थांबता किती चाललंय, ते टाकून बघितलं, ९१२ दिवस! यूपीएस बदलला तेव्हा बंद केला होता तेवढाच. सगळा डेटा दोन डिस्कवर सारखाच, त्याला मिरर म्हणतात. डिस्कची तब्येत सांगणाऱ्या मेटास्टॅट कमांडमध्ये मिररचा एक पाय 'नीड्स मेंटेनन्स' दाखवत होता आणि दुसऱ्या पायावर मशीन निवांत चालू, युजरना पत्ताच नाही. जुनी डिस्क अनकॉन्फिगर केली, म्हणजे सिस्टिममधून सोडवली, की समोरचा निळा दिवा लागतो, म्हणजे आता काढ मला. लागला. खटका दाबला, डिस्क बाहेर, अजून गरम होती. नवी सरकवली, मेटारिप्लेस ही कमांड मारली आणि रीसिंक, म्हणजे चांगल्या डिस्कवरून नवीवर कॉपी, सुरू झालं, १ टक्का, २ टक्के. त्र्याहत्तर जीबी म्हणजे आता तासभर तरी बसायचं.

त्या एसीच्या गारठ्यात दोन खुर्च्या टाकून आम्ही बसलो, अगदी दहाव्याला घाटावर बसतात तसं. साहेब नव्या डिस्कचा, सनचा लोगो असलेला रिकामा खोका हातात घेऊन फिरवत होते. मी सांगितलं की हा लोगो स्टॅनफर्डच्या वॉन प्रॅट नावाच्या प्रोफेसरनं काढला, कुठल्याही बाजूनं वाचा, सनच. आणि नावही स्टॅनफर्ड युनिव्हर्सिटी नेटवर्कवरून, कंपनी १९८२ ला चौघांनी काढली, त्यात आपला आयआयटी दिल्लीचा विनोद खोसला. साहेबांनी खोका चारही बाजूंनी वाचून बघितला. मग म्हणाले, "एवढं सगळं यांनी केलं, जावा यांची, नेटवर्कवरून फायली वापरायचं एनएफएस यांचं, मग बुडाले कसे?"

मी काय सांगणार. डॉटकॉमचा, म्हणजे इंटरनेट कंपन्यांचा, फुगा फुटला, लोक स्वस्त इंटेलच्या डब्यावर लिनक्स ही फुकटची ऑपरेटिंग सिस्टिम टाकायला लागले, असं काहीतरी बोललो. तेवढ्यात टेबलावर, माझ्या चहाच्या कपाखालीच, एक कोटेशन दिसलं. दोन सर्व्हर, लिनक्स, आमच्या व्ही-४४०च्या तेव्हाच्या किमतीच्या निम्म्यातही नाही. साहेबांनी माझी नजर पकडली.

"मॅनेजमेंटचं प्रेशर आहे हो," ते म्हणाले आणि कागद उलटा ठेवला.

रागवायचं तरी कुठल्या तोंडानं? वर्षभरात तीन कस्टमरचा डेटा सोलारिसवरून लिनक्सवर मीच हलवला होता, ओव्हरटाइम घेऊन. आणि घरच्या पीसीवर तर २००५ पासून लिनक्सच. रडणारे आम्हीच आणि गेल्या पाच वर्षांत सनचा एक सर्व्हर विकत न घेणारेही आम्हीच.

४१ टक्क्यांना सरांचा फोन आला. "काय रे, कावळा शिवला का?" म्हटलं नाही अजून, अर्धाही झाला नाही. "त्याला सांग, सोलारिसकडे बघतो आम्ही," आणि स्वतःच हसले, पण फोन लगेच ठेवला नाही त्यांनी.

साडेबाराला रीसिंक संपलं. मेटास्टॅटमध्ये दोन्ही पाय 'ओके'. साहेबांनी कॉल शीटवर सही केली, खोका मात्र ठेवून घेतला, नातवाला दाखवतो म्हणाले.

गेटवर जुनी डिस्क बाहेर न्यायची म्हणून आउटवर्ड रजिस्टरात एंट्री. कंपनीच्या कॉलममध्ये सवयीनं लिहिलं, 'सन'. वॉचमनकाकांनी चष्मा वर करून वाचलं आणि रजिस्टर परत माझ्याकडे सरकवलं.

"साहेब, सन नका लिहू, तारीख वर टाकलीय मी. कंपनीचं नाव लिहा."