पौर्णिमेच्या आदल्या संध्याकाळी

आजचं पान तारखेचं. हिवाळ्यात लग्न करायचं आणि पैसे बेताचे, तर कॅलेंडर चंद्रासाठी उघडावं. हिवाळ्यात सूर्य आकाशात खालून जातो आणि पौर्णिमेचा चंद्र चांगला उंच चढतो. एवढा दिवा फुकट मिळत असताना झुंबरांचं भाडं कशाला भरायचं?

मात्र पौर्णिमा नको, आदला दिवस हवा. चंद्र रोज सरासरी ५० मिनिटं उशिरा उगवतो आणि पौर्णिमेला तो सूर्यास्ताच्या सुमारास येतो. साहजिकच आदल्या दिवशी, अजून ऊन असतानाच तो पूर्वेला दिसू लागतो. फोटोत चेहरे येतात, चंद्रही येतो. पौर्णिमेला तो वर यायची वाट बघत बसलं की तोवर चेहरे काळे पडलेले असतात.

वेळ सूर्यास्तापासून उलटी मोजायची. ४० मिनिटं आधी पाहुणे जागेवर, विधी २० मिनिटांचा. थंडीत उघड्यावर त्याहून जास्त वेळ कुणी मनापासून बसत नाही. उरलेल्या उजेडात सगळ्यांचा एकत्र फोटो. सूर्य मावळल्यावर २०-२५ मिनिटं जो निळसर उजेड टिकतो, तो फक्त दोघांसाठी राखून ठेवायचा.

आता माणसं. खर्चाच्या यादीतली जवळपास प्रत्येक ओळ माणशी वाढते, त्यामुळे फुलांत काटकसर करून फारसं काही हाती लागत नाही. यादीच ५० वर थांबवावी. एकूण रकमेतला दहावा हिस्सा आधीच बाजूला काढायचा आणि तो विसरून जायचा.

मेणबत्त्या. छोट्या, पत्र्याच्या वाटीतल्या, साधारण ४ तास जळतात. रिकाम्या काचेच्या बरण्या जमवायच्या, तळाशी दोन बोटं कोरडी वाळू. वाळूमुळे मेणबत्ती मधोमध राहते. ती कडेला सरकली की ज्योत थंड काचेला चाटते आणि बरणी तडकते. बरणी उंच हवी, वाऱ्याची झुळूक आत पोचू नये. ६० बरण्या पेटवायला दोन माणसं, लांब दांडीचे लायटर, आणि सुरुवात अर्धा तास आधी. पेटवणारे नेमले नाहीत तर ऐनवेळी नवरदेवच काडेपेटी शोधत फिरतो! दिव्यांच्या माळा पिवळसर, २७०० केल्विनच्याच घ्याव्यात; पांढऱ्या माळांखाली दवाखान्यात बसल्यासारखं वाटतं.

थंडी पायांतून चढते. खुर्च्यांखाली सतरंज्या आधी, हीटर नंतर. दोघांत एक पांघरूण पुरतं आणि लोक जवळ बसतात, तेही बरंच. बंद मांडवात कोळशाची शेगडी मात्र अजिबात नाही. कार्बन मोनॉक्साइडला ना वास असतो ना रंग. डोकं जड झालंय हे कळेपर्यंत उशीर झालेला असतो. शेगडी उघड्यावरच.

गरम पेय माणशी १५० मिलीचे दोन कप, म्हणजे ५० जणांना १५ लिटर. एक मोठं पातेलं ठेवलं की झाकण सारखं उघडतं आणि अर्ध्या तासात सगळं कोमट. त्यापेक्षा ५ लिटरचे तीन थर्मास. भरण्याआधी त्यांत १० मिनिटं उकळतं पाणी ठेवून ओतून द्यायचं. थंड थर्मास पहिली वाफ स्वतःच पिऊन टाकतो.

फुलं थोडीच. दहिवर गोठलं की पाकळ्यांतलं पाणी गोठून त्या काळ्या पडतात, हीटरजवळ ठेवली तर मान टाकतात. सुकं गवत, फांद्या आणि बिया लागलेले देठ आठवडाभर आधी बांधून ठेवता येतात.

गारठ्यात बॅटरी लवकर मान टाकते. कॅमेऱ्याच्या जादा बॅटऱ्या फोटो काढणाऱ्याच्या कोटाच्या आतल्या खिशात, अंगाच्या उबेला. माळांसाठी साध्या अल्कलाइन सेलऐवजी लिथियमचे. जरा महाग पडतात, पण चंद्र ढगाआड राहिला तर सगळी भिस्त त्यांच्यावर आणि त्या ६० बरण्यांवर.