हतनूरचं पाणी जिथं अडतं : उकाईची वारी

पावसाळ्यात भुसावळजवळच्या हतनूर धरणाचे दरवाजे उघडले की तापीकाठी सगळ्यांचे कान टवकारतात. ते पाणी सारंगखेडा, प्रकाशा ओलांडून ज्या भिंतीला भिडतं ते उकाई धरण खान्देशातल्या माणसानं एकदा तरी पाहावं. धरण गुजरातेत, पण त्यात गिरणा, बोरी, पांझरा, गोमाई सगळ्यांचं पाणी आहे.

भुसावळ-सुरत मार्गावर नवापूर सोडलं की पुढं उकाई-सोनगड स्टेशन येतं. सगळ्या गाड्या तिथं थांबत नाहीत, तिकीट काढतानाच विचारा. रिक्षा ठरवाल तर जाऊन-येऊन ठरवा. आणि ‘वीज केंद्र’ एवढंच सांगू नका. उंच धुराडी दिसतात ती कोळशावरच्या केंद्राची. आपल्याला जायचं ते धरणाच्या पायथ्याशी, पाण्यावरच्या वीजगृहाकडे.

१९७२ साली पुरं झालेलं हे धरण मातीचं आणि दगडी बांधकामाचं मिळून जवळपास पाच किलोमीटर लांब आहे. एका जागेवरून ते डोळ्यात मावत नाही. वीजगृहात ७५ मेगावॅटचे चार संच, म्हणजे ३०० मेगावॅट. टर्बाइन फिरवून पाणी पुन्हा नदीत उतरतं, खाली काकरापारच्या बंधाऱ्यावर अडतं आणि तिथून कालव्यांनी शेतात जातं. एकच पाणी दोनदा राबतं, हे मला फार भावलं.

जलाशयाची पूर्ण पातळी समुद्रसपाटीपासून ३४५ फूट. जलाशय भरलेला असला तर वीज आणि सिंचनाची सोय, रिकामा ठेवला तर पुराला जागा. दरवर्षी हा मेळ घालावा लागतो. ऑगस्ट २००६ मध्ये धरणातून सोडलेल्या पाण्यानं सुरत बुडालं होतं.

धरण बघून तसेच परतू नका. या जलाशयाचा फुगवटा आपल्या नवापूर-नंदुरबारच्या बाजूला आहे. तेव्हाच्या धुळे जिल्ह्यातली, मुख्यतः आदिवासींची गावं त्यात गेली. त्या काठावर उभं राहिल्याशिवाय ३०० मेगावॅटचा आकडा अर्धाच कळतो, असं माझं ठाम मत आहे. तिथं कुणी जुन्या गावाबद्दल बोललं, तर फोटोची घाई न करता ऐकून घ्या.

वीजगृह आतून पाहायचं तर आधी लेखी परवानगीची चौकशी करा. ऐनवेळी फाटकावर विनवण्या करून उपयोग नाही. पावसाळा सरता सरता जा, पाणी भरपूर असतं. उन्हाळ्यात दुपार टाळा, भिंतीवर सावली नाही. भाकरी-ठेचा आणि पाणी सोबत असू द्या. वेळ उरला तर सोनगडचा गायकवाडांचा किल्ला चढून या.