बोअरमधून लाल धूर

"सर, लवकर या. गायरानाजवळच्या जुन्या बोअरमधून लाल धूर निघलालाय. ज्वालामुखी हाय म्हणून बायामाणसं लेकरं घेऊन पारावर बसलीत."

वसमत तालुक्यातल्या एका सरपंचांचा हा फोन, ऐन मे महिन्यातला. मी भूजल सर्वेक्षण करतो. पाणी कुठं लागेल हे विचारायला लोक बोलावतात, लाव्हा बघायला कुणी बोलावलं नव्हतं. पण हसण्यासारखंही नव्हतं. या पट्ट्यात जमिनीतून गूढ आवाज येतात, आणि १० जुलै २०२४ चा ४.५ तीव्रतेचा धक्का कुणी विसरलेलं नव्हतं.

केसिंगच्या, म्हणजे बोअरमधल्या पाइपच्या, तोंडातून गरम लाल भुकटी खरंच भसाभसा बाहेर पडत होती. बोटांत चोळून बघितली: गेरू. बांधापलीकडं बोअरची गाडी धडधडत होती. "कंप्रेसर बंद करा," म्हणालो. बिट अडकेल म्हणून ड्रायव्हर कुरकुरला, पण केला. धूर बसला. चालू केला, पुन्हा धूर. एक आजोबा काही केल्या मानेनात, त्यांच्यासाठी परत करून दाखवलं. गाडीची हवा खडकाच्या भेगांतून शिरून शेजारच्या कोरड्या बोअरमधून निघत होती, एवढंच.

गंमत अशी की ज्वालामुखीचं नाव निघालं ते अगदीच खोटं नव्हतं. साडेसहा कोटी वर्षांपूर्वी इथं जमिनीला लांबच लांब भेगा पडून लाव्हा वाहिला, थरावर थर, पोळीच्या पदरांसारखा. दोन थरांच्या मध्ये बराच काळ गेला की वरचा खडक झिजून माती व्हायची आणि पुढचा लाव्हा तिला भाजून काढायचा. गेरूचा पट्टा तो हाच. किल्लारीला भूकंपानंतर खोल बोअर घेतलं, तेव्हा थिजलेल्या लाव्ह्याचा हा काळा दगड ३३८ मीटरवर संपला.

"मग आता परत फुटणार नाही कशावरून?" दहावीतल्या एका पोरीनं विचारलं. प्रश्न रास्त होता. अंदमानातलं बॅरन बेट दीडशेएक वर्षं गप्प राहून १९९१ मध्ये उठलंच की. पण तिथं एक भूपट्ट, म्हणजे पृथ्वीच्या कवचाचा प्रचंड तुकडा, दुसऱ्याखाली आजही घुसतोय, लाव्हा तयार होतोय. आपल्या खाली तसं काही नाही. ज्या उष्ण स्रोतातून हा लाव्हा आला असं मानतात, तो आता हिंदी महासागरात रियुनियन बेटाखाली आहे. भारताचा भूपट्ट त्याच्यावरून कधीच उत्तरेला सरकलाय.

लोक पांगले. आजोबांनी चहाला घरी नेलं. जुनं माळवद, दगडमातीच्या जाड भिंती, वर दरसाल चढवलेली पांढरी माती. १९९३ च्या ३० सप्टेंबरला पहाटे किल्लारीच्या भूकंपात लोक गाडले गेले ते असल्याच घरांत. खरी भीती मला तिथं वाटली, बोअरपाशी नाही.

"बाबा, वरची माती तरी कमी करा."

"गळंल की मग."

ताडपत्रीपासून पत्र्यापर्यंत सगळ्यावर बोलणं झालं. शेवटी त्यांच्या सुनेनंच विचारलं, "किती टोपली काढायची, सर?"